गाठीला फितूर होणारे पहारेकरी
कर्करोग समजून घेताना : लेखांक ६

नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी ओलांडून चाकणपर्यंत, पाळी सुटायच्या वेळी पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकींची रीघ लागते. कंटेनर आणि कंपन्यांच्या बसमधून वाट काढत घरी जाणाऱ्या कामगारांना अपघात ही काही लांबची गोष्ट वाटत नाही. डोक्याला मार लागून बरा झालेल्या माणसाच्या घरात मग एक धास्ती राहते : या माराची पुढे गाठ तर होणार नाही ना? मागील लेखांकात पेशीतील जनुके कशी बिघडतात ते पाहिले. या धास्तीचे उत्तर त्या बिघाडाला साथ देणाऱ्या दाहापाशी सापडते.

बोट कापले की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात, नव्या पेशींना वाढायची सूचना देतात आणि काम आटोपले की पांगतात. गाठीत हे काम आटोपतच नाही. रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाला १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गाठीचे वर्णन न भरणारी जखम असे केले.

मेंदूत हे काम मायक्रोग्लिया नावाच्या पेशी करतात. स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. या पहारेकरी पेशी अखंड गस्त घालतात. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक गाठीत मात्र त्या शत्रूला फितूर होतात. गाठीतून सुटणारी रसायने त्यांना आणि रक्तातून येणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना ओढून घेतात. काही रुग्णांत या दोन्ही मिळून गाठीतील तीस ते पन्नास टक्के पेशी भरतात. त्यांच्यातून स्रवणारे इंटरल्युकिन-६ गाठीच्या पेशींना वाढायला लावते. त्यांची विकरे आजूबाजूच्या ऊतीत वाट मोकळी करतात. इतर स्राव नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, तर काही मारक टी-पेशींना थोपवतात.

पण नुसत्या दाहाने गाठ होते का?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून याचे उत्तर शोधले. मेंदूतील ॲस्ट्रोसाइट पेशींमधून पी-५३ हे कर्करोगाला आवर घालणारे जनुक त्यांनी काढून टाकले आणि मेंदूला इजा केली. वय वाढत गेले तशा त्या पेशी आपल्या फांद्या गमावून मूळपेशींसारख्या होऊ लागल्या, म्हणजे गाठीच्या वाटेला लागल्या. ज्यांचे जनुक शाबूत होते, त्या पेशींत असे घडले नाही. बिघडलेले जनुक, इजेनंतरचा दाह आणि वाढत्या वयाबरोबर मेंदूत मुरणारा दाह असे तिन्ही एकत्र यावे लागले. याच गटाने डोक्याला मार लागलेल्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्यात पुढे मेंदूचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास चौपट आढळले. तरीही घाबरून जायचे कारण नाही. मुळात हा आजार इतका विरळा आहे, की चौपट होऊनही धोका थोडाच राहतो.

हा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो, याचा पुरावा पुण्यातही मिळाला आहे. गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मेंदूच्या गाठीपासून मिळवलेल्या दोन पेशीमालिका जगापुढे मांडल्या. एक संथ वाढणारी आणि गाठ न करणारी, दुसरी झपाट्याने वाढणारी आणि गाठ करणारी. आधीचा टप्पा आणि नंतरचा टप्पा शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

औद्योगिक पट्ट्यात दुसरा प्रश्न धुराचा. कॅनडात मॉन्ट्रियल आणि टोरंटो येथील सुमारे १९ लाख प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण हवेत दर घनसेंटिमीटरला दहा हजारांनी वाढले, तर मेंदूच्या गाठींचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी जास्त दिसले. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. पण ०.१ मायक्रॉनहून लहान असे कण मेंदूपर्यंत पोचू शकतात आणि दाह पेटवू शकतात, म्हणून डिझेलच्या धुराचा विचार फुप्फुसांपाशी थांबवून चालत नाही.

मग दाहविरोधी औषध देऊन प्रश्न मिटेल का? डेक्सामेथासोन गाठीभोवतीची सूज उतरवते, डोकेदुखी कमी करते आणि रुग्णाला मोठा आराम देते. मात्र ते गाठीशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीलाही दाबते. मायक्रोग्लियांना गाठीकडे ओढणारा संकेत रोखणारी औषधे उंदरांत परिणामकारक ठरली. त्या गटातील एक औषध पुन्हा उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना दिले गेले, तेव्हा गाठ आटोक्यात आली नाही. म्हणून आता या पेशींना हटवण्यापेक्षा पुन्हा आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

तोवर हेल्मेटचा पट्टा नीट आवळणे हे प्रत्येक दुचाकीस्वाराच्या हातात आहे. सकाळी वाढणारी आणि दिवसेंदिवस तीव्र होणारी डोकेदुखी, सोबत उलट्या, मोठेपणी पहिल्यांदाच आलेली फिट किंवा एका बाजूच्या हातापायाला आलेला अशक्तपणा दिसला, तर मेडिकलमधून गोळी आणून दिवस काढू नयेत. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. गरज वाटल्यास ते एमआरआय करायला सांगतील.

(पुढील आठवड्यात : रक्तातील औषध मेंदूत का शिरत नाही?)