दात कशाने घासता? : मंजन, मशेरी आणि आपला केसपेपर

दंतधावनाचा विधी आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आणि वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात तो सांगितला आहे. बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, गाठी नसलेली ताजी काडी. तिक्तात निंब, कषायात खदिर, मधुरात मधुक, कटूत करंज. हे सारे आपल्या जिभेवर असते. तथापि रुग्ण समोर बसला म्हणजे क्षुधा, निद्रा, मल, मूत्र यांची विचारपूस होते आणि तो दात कशाने घासतो, हे बहुधा राहून जाते. केसपेपरवर त्यासाठी रकानाच नसतो. अमरावती व अकोला जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यास हा प्रश्न वगळणे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

प्रश्न विचारला की उत्तरे नाना प्रकारची येतात. कोणी ब्रश सांगतो, कोणी निंबाची वा बाभळीची काडी, कोणी लाल मंजन, कोणी राखुंडी आणि मीठ. निंदणीला किंवा कापूस वेचायला पहाटे घर सोडणाऱ्या बायांपैकी काही जणी मात्र थोडा आवाज खाली आणून मशेरी सांगतात. कोणी तिला मिश्री म्हणतात; खडीसाखरेचे हिंदी नाव या वस्तूला मिळावे, हा भाषेचा विनोदच म्हणावा लागेल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘तंबाखूचे व्यसन आहे का?’ असे विचारल्यास हीच बाई निःशंकपणे ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी मशेरी हे व्यसन नव्हे, ते दात घासणे आहे. म्हणून प्रश्न मशेरीचे व तपकिरीचे नाव घेऊनच विचारावा लागतो.

तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून कुटली की मशेरी झाली. ती दातांना लावून तत्काळ चूळ भरली जात नाही. ती तोंडात धरली जाते आणि पुढे दिवसातून अनेकदा लावली जाते. हिरड्यांच्या व गालांच्या श्लेष्मल त्वचेतून निकोटीन शोषले जाते, भाजल्याने ते नाहीसे होत नाही. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचा जो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला, त्याने ग्रामीण महाराष्ट्रातील तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील पांढरे चट्टे यांचा संबंध वैद्यकविश्वापुढे ठेवला. धूररहित तंबाखू मानवात कर्करोग उत्पन्न करते, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आता सर्वमान्य आहे. गर्भिणीने मशेरी लावल्यास बालकाचे जन्मवजन घटते, हेही आपल्या प्रसूतिपूर्व सल्ल्यात आले पाहिजे.

योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात तमाखूचा उल्लेख आहे, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतात. उल्लेख आहे, हे खरे. परंतु ग्रंथाने एखाद्या द्रव्याचे गुणधर्म नोंदविणे वेगळे आणि ते नित्य दिनचर्येत सांगणे वेगळे. बृहत्त्रयीतील कोणत्याही दंतशोधन योगात तंबाखू नाही. असणार तरी कशी, ती या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. केंद्र शासनाने १९९२ साली दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. त्या बंदीचा रोख आयुर्वेदिक म्हणून परवाना घेतलेल्या मंजनांवर होता, ही आपल्याला खटकली पाहिजे अशी बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ही बंदी उचलून धरली. घरी भाजलेली मशेरी मात्र कोणत्याच परवान्याच्या कक्षेत येत नाही. तिच्यापर्यंत पोहोचणारा माणूस म्हणजे गावचा वैद्य किंवा औषधाच्या दुकानातील मालक.

‘सोडा’ एवढे सांगून ती सुटत नाही. ‘मशेरी नाई लावली तं पोट साफ होत नाई जी’ ही तक्रार आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली असेल. तिच्यात तथ्य आहे. निकोटीन आतड्यांची गती वाढविते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने शौच तिच्यावर अवलंबून राहते. म्हणून आम्ही प्रथम कोष्ठाची व्यवस्था लावतो: रात्री हरीतकी किंवा त्रिफळा, सकाळी कोमट पाणी. त्यानंतर त्याच वेळी, त्याच डबीतून, बोटानेच लावावयाचे तंबाखूविरहित मंजन देतो. खदिर, बाभूळसाल, दाडिमसाल व त्रिफळा यांच्या चूर्णात किंचित अकरकरा व लवंग घातली की जिभेला हवी असलेली चुरचुर मिळते. पहिल्या आठवड्यात शिरःशूल व चिडचिड होते, याची कल्पना घरच्यांनाही द्यावी. समुपदेशनासाठी शासनाचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

आता मंजनाविषयी. सुश्रुताचार्यांनी मृदु कूर्चकाने एकेक दात घासावा व दंतमांसास इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. बाजारातील, आणि आपण स्वतः बनविलेल्याही, मंजनाची परीक्षा या एका अटीवर व्हावी. चूर्ण वस्त्रगाळ असले पाहिजे. चिमूटभर मंजन ओल्या बोटाने काचेच्या पट्टीवर घासून पाहावे. काचेवर ओरखडे उमटले किंवा दाताखाली कचकच जाणवली, तर ते मंजन घेऊ नये. गेरूने रंग येतो, दात शुभ्र झाल्याचा भासही होतो. परंतु अशोधित गेरूत वाळू असते आणि रोजच्या घर्षणाने हिरडीलगत दातावर खाचा पडतात. मग थंड पाणी सोसवत नाही. आपण दंतहर्षाचे निदान करून तैलगंडूष देतो, आणि कारण मात्र रुग्णाच्या घरी मोरीजवळच्या कोनाड्यात तसेच राहते. विटकरीची भुकटी, कोळसा आणि जाडे मीठ यांनाही हेच लागू आहे. ब्रश वापरणाऱ्यास मऊ ब्रश सांगावा आणि त्याचे केस फाकले की बदलावयास लावावा.

दातदुखीवर बिब्बा लावण्याची चाल आपल्याकडे, विशेषतः मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत, अद्याप आढळते. भल्लातकाचे तेल ओठ, गाल व हिरडी भाजून काढते. शोधनाविना जे द्रव्य आपण औषधात घालत नाही, ते किडलेल्या दातात घालू देऊ नये. लवंगतेलही निर्जल लावल्यास श्लेष्मल त्वचा पोळते. ते तिळाच्या तेलात मिसळून, कापसाच्या बोळ्याने, केवळ दाताच्या पोकळीपुरते लावावे. दुकानदार बंधूंनी कुपी देताना एवढे सांगितले तरी पुष्कळ.

फ्लोराइडच्या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. मर्यादित फ्लोराइड दात किडण्यास प्रतिबंध करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये त्याची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे आणि हे प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढील लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळली जाऊ नये म्हणून पालकांनी जवळ उभे राहावे. मात्र मूल ज्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिते, त्यात फ्लोराइड अधिक असल्यास विचार बदलतो. पाण्यातील त्याची मान्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यात लोक चवीवरून पाण्याची पारख करतात. पण क्षारांची चव लागते, फ्लोराइडची लागत नाही. गोड पाण्यातही ते असू शकते. पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. दातांवरील पिवळे-तपकिरी आडवे पट्टे ही किडही नव्हे आणि मळही नव्हे. ते जावेत म्हणून पोरे खरखरीत मंजनाने दात घासतात व उरलेले दंतवल्कही गमावतात.

औषधविक्रेत्यांनी फळीवर मंजन ठेवण्यापूर्वी वेष्टनावरील घटकद्रव्यांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत वाचावी. नुसते ‘शास्त्रोक्त’ किंवा ‘गुप्त योग’ लिहिलेली सुटी पुडी, ती कितीही खपत असली, तरी ठेवू नये.

आणि दात कशाने घासता, हे विचारल्यावर रुग्णास तोंड उघडावयास सांगावे. स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमधून आत जात नसतील, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, किंवा पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर गंडूष, प्रतिसारण यांत वेळ न दवडता त्याच दिवशी दंततज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. खर्रा खाणाऱ्या तरुणांत तोंड उघडणे हळूहळू कमी होते आणि ‘तिखट झोंबते’ एवढीच तक्रार असते. चिठ्ठीवर मशेरी, तपकीर किंवा खर्रा किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा, हे लिहून द्यावे; पुढील तपासणी करणाऱ्यास ते उपयोगी पडते.