एकट्याने केलेली पुस्तकखरेदी

हवे ते पुस्तक आता घरबसल्या मागवता येते. मग त्यासाठी परगावी जाण्याची यातायात कशाला, असा प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ज्याचे नाव ठाऊक असते तेच पुस्तक आपण मागवतो. ज्याचे नावही कधी कानावर पडले नाही, ते मागवणार कसे? ते दुकानातील फळीवरच भेटते. गेल्या दसऱ्याच्या सुटीत आम्ही निपाणीहून कोल्हापूरला एकटेच जाऊन आलो. त्या दिवसाच्या आधारे पुस्तक कसे निवडावे व कसे पारखून घ्यावे, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

पैसे आमचे नव्हते. नववीच्या मुलामुलींनी वर्गातील वाचनपेटीसाठी थोडेथोडे करून साठवलेले १,८०० रुपये आमच्या स्वाधीन केले होते. आदल्या वर्षी आम्ही स्वतः न जाता, शहरात निघालेल्या एका गृहस्थांबरोबर निरोप धाडला होता. आलेल्या कादंबरीत ११२ व्या पृष्ठानंतर एकदम १२९ वे पृष्ठ निघाले! पावतीही जपून ठेवलेली नव्हती; त्यामुळे पुस्तक बदलून मिळाले नाही. वर्षभर प्रत्येक वाचक त्या जागी येऊन अडखळला आणि आम्हांला त्याची टोचणी लागून राहिली. म्हणून या खेपेस आम्ही स्वतः निघालो, आणि प्रवासखर्च पदरचा करावयाचा असे ठरवले.

निघण्यापूर्वी यादी केली. तिचे तीन भाग पाडले. पहिल्यात अवश्य घ्यावयाची पुस्तके, दुसऱ्यात पैसे उरल्यास घ्यावयाची. तिसरा भाग मुलांच्या चिठ्ठ्यांसाठी कोरा ठेवला. एका मुलीची चिठ्ठी अशी होती : “सर, आपल्यासारख्या घरातल्या मुलाचे पुस्तक आणा.” नाव नाही, लेखक नाही. असे पुस्तक कोणत्या यादीत शोधावे? ती चिठ्ठी आम्ही खिशात वेगळी ठेवली.

निपाणी ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडावी, कोगनोळी मागे टाकावी, दूधगंगेचा पूल पार करावा, की कागल येते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. परंतु आमच्या घरांतील वाचनाची भाषा मराठीच राहिली. त्यामुळे पुस्तकासाठी पाय कोल्हापूरकडे वळतात, यात नवल नाही.

शहरात उतरून आम्ही दसरा चौकातून पायीच निघालो. चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेल्या या राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. येथील करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचे. जेथे वाचणारे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात, तेथे पुस्तकांची दुकाने तग धरतात, हे उघड आहे.

आता परीक्षेची रीत सांगतो. प्रथम मुखपृष्ठ विसरून आतील माहितीचे पान उघडावे. तेथे प्रकाशनाचे वर्ष, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची नोंद असते. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. नव्या आवृत्तीत मात्र फेरफार वा भर असू शकते. ‘संक्षिप्त’ हा शब्द कोठे बारीक अक्षरांत दडला आहे काय, तेही पाहावे. नाहीतर पूर्ण ग्रंथ समजून आपण त्याचा सारांश घरी आणतो.

दुसरी गोष्ट फर्म्यांची. पुस्तकाची पाने एकेक करून छापीत नाहीत. एका मोठ्या कागदावर बहुधा १६ पृष्ठे छापून त्याची घडी घालतात. तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने लावून पुस्तक बांधले जाते. बांधणीत एखादा फर्मा गळाला, तर एकदम १६ पृष्ठे नाहीशी होतात. आमच्या कादंबरीत आठवा फर्माच नव्हता : ७ फर्म्यांची ११२ पृष्ठे झाली आणि पुढे नववा फर्मा लागला. म्हणून पैसे देण्यापूर्वी पृष्ठांक आरंभापासून अखेरपर्यंत चाळून पाहावेत, आणि पावती पुस्तकातच ठेवावी.

जुनी पुस्तके घेताना आणखी एक सूचना. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. तत्पूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कोठें’ असे अनुस्वार आढळतात. ते मुद्रणदोष नव्हेत. त्या काळचे ते शुद्ध लेखनच होय.

अखेर, मधले कोणतेही पान उघडून तेथेच उभ्याने वाचावे. पुढचे पान उलटावेसे वाटले, तर पुस्तक आपले.

पहिल्या भागातील चार पुस्तके घेऊन झाली. उरलेल्या पैशांत एकच पुस्तक बसणार होते. एक भारदस्त, सोनेरी अक्षरांचा ग्रंथ आमच्या मनात केव्हापासून भरला होता. तो हातात घेतलाही. तोच शेजारच्या फळीवर आनंद यादव यांचे ‘झोंबी’ दिसले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे नाव आम्हांला ठाऊक होते. वाचण्याचे मात्र राहून गेले होते. मधले पान उघडले. गरीब शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, शाळेची ओढ, आणि शेतातल्या कामाला जुंपणारा बाप! गाव तेच कागल, ज्यावरून आम्ही सकाळी बसने पुढे आलो होतो. चौथ्या पानावर आम्हांला खिशातली चिठ्ठी आठवली. सोनेरी ग्रंथ आम्हांला हवा होता, मुलांना नव्हे. आणि पैसे मुलांचे होते. तो जागी ठेवताना थोडे जड गेले, हे लपवीत नाही.

परतीच्या बसमध्ये ‘झोंबी’ची पृष्ठे मोजली, सर्व जागेवर होती. दुसऱ्या वाचनास आरंभ केला आणि कागल आले तेव्हा मान वर करून खिडकीबाहेर पाहिले. शाळा उघडल्यावर वर्गात हिशेब वाचून दाखवला, उरलेले ३५ रुपये परत केले आणि ते पुस्तक प्रथम चिठ्ठीवालीच्या हाती दिले. आठ दिवसांनी तिने ते परत आणले. म्हणाली, “सर, माझ्या आईलाही वाचून दाखवले. आणखी चार दिवस ठेवू का?”

मित्रहो, वरच्या वर्गात गेलात की वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने आपणही एकदा असे जाऊन या. सकाळच्या बसने निघा, पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवा, उजेडी परत या. आणि यादीत थोडी जागा कोरी ठेवण्यास विसरू नका.