‘लागणे’ आणि ‘लावणे’ : चित्रपट पाहण्याच्या दोन रीती

चित्रपट घरी पाहावा की चित्रपटगृहात, हा वाद बहुधा सोय आणि खर्च यांच्या आधारे केला जातो. मराठी भाषेने मात्र या भेदाची नोंद दोन साध्या क्रियापदांत करून ठेवली आहे. त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

चित्रपटगृहात चित्रपट ‘लागतो’. हे क्रियापद अकर्मक आहे. ‘गावात नवा सिनेमा लागला’ या वाक्यात तो कोणी लावला याचा उल्लेख नाही. आषाढात झड लागावी, तसा तो लागतो. प्रेक्षकाने ठरल्या वेळी जावयाचे, एवढेच. शिवाय आपण ‘सिनेमाला’ जातो. लग्नाला, जत्रेला, कीर्तनाला जावे त्यातलाच हा ‘ला’. तो स्थळापेक्षा समुदायाचा बोध करून देतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हाचा प्रेक्षकही असाच समुदायाने जमला होता.

घरी आपण चित्रपट ‘लावतो’. हे क्रियापद सकर्मक असून त्याला कर्ता हवा. परंतु एवढ्यावरून हा भेद केवळ स्थळाचा आहे, असे मानणे घाईचे होईल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि चित्रपट घरात आला. तरीही ‘आज टीव्हीवर कोणता सिनेमा लागणार?’ असेच लोक विचारीत. पाहणारा घरी होता, पण वेळ दुसऱ्याच्या हाती होती. १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा ‘लावणे’ घरात रुळले. उलट, चित्रपटगृहाचा मालकही चित्रपट ‘लावतो’च. तात्पर्य, या क्रियापदांतील भेद घर आणि चित्रपटगृह यांचा नसून वेळेवर सत्ता कोणाची, याचा आहे. आजचा घरचा प्रेक्षक मालकाच्या जागी बसला आहे.

या सत्तेचे मोल कमी नाही. वृद्धांना व रुग्णांना चित्रपट सुलभ झाला. तो थांबविता येतो, पुन्हा पाहता येतो. परंतु शेकडो अनोळखी माणसांनी एकाच क्षणी हसणे अथवा स्तब्ध होणे कोणा एकाला ‘लावता’ येत नाही. मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली, तेव्हा घरोघरी चित्रपट लावले जात होते; गावात मात्र एकही लागत नव्हता. ही उणीव ज्याला जाणवली, त्याला या दोन क्रियापदांतील अंतर निराळे समजावून सांगावयास नको.