पुडक्यांची सरासरी

सरासरीचे गणित मला शाळेने शिकविले नाही. तेंदूच्या फळीने शिकविले. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ७० पानांचे एक पुडके आणि १००० पुडक्यांची एक गोणी, म्हणजे ७०,००० पाने. मजुरी पुडक्यांवर मिळते. तेव्हा येथे चुकलेला आकडा थेट चुलीपर्यंत जातो.

असे समजा, की एका बाईने पाच दिवसांत २१०, १८०, २४०, १५० आणि २२० पुडकी दिली. बेरीज १०००, दिवस ५, रोजची सरासरी २००. गंमत अशी, की नेमकी २०० पुडकी तिने एकाही दिवशी दिलेली नाहीत! पाच जणांचे धान्य एका ढिगात ओतून सारखे वाटावे, तशी ही वाटणी आहे.

आता ठेकेदार म्हणतो, "आठ दिवसांत रोजची सरासरी २२५ पडली, तर वर काही रक्कम देऊ." बाई मनाशी हिशेब करते : आतापर्यंत २००, पुढे रोज २५० दिली की मधला आकडा २२५. झाले! पण तसे होत नाही. दोनशेचे दिवस पाच आहेत आणि अडीचशेचे तीनच. १००० आणि ७५० मिळून १७५०; त्याला ८ ने भागले की दोनशे पावणेएकोणीस.

खरा हिशेब उलट्या बाजूने करावा. २२५ गुणिले ८, म्हणजे १८०० पुडकी हवीत. १००० झाली, ८०० उरली, दिवस तीन. रोज २६७ तोडावी लागतील, आणि तिचा सर्वांत चांगला दिवस आहे २४० चा! हाच हिशेब दुसऱ्या संध्याकाळी केला असता, तर ३९० वजा जाऊन १४१० उरली असती. सहा दिवस, रोज २३५. कठीण खरे, पण तिच्या हाताबाहेरचे नव्हे.

पेसा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता तेंदूची विक्री स्वतः करतात. त्यामुळे असे कागद गावाच्याच हाती येतात. तेथे एक फसगत होते. एका टोल्यातील १० घरांची सरासरी ३०० पुडकी, दुसऱ्यातील ४० घरांची २००. दोन्ही मिळून २५० नव्हे! ३००० आणि ८००० म्हणजे ११,०००, घरे ५०, सरासरी २२०.

बेरजेवर सहसा भांडण होत नाही. ते होते भाजकावर. सहाव्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि तोडणी बंद राहिली, तर १००० ला ५ ने भागायचे की ६ ने? एका उत्तरात २००, दुसऱ्यात १६६ च्या वर थोडे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही भागाकार बरोबर आहेत. कोणता धरायचा, हे पाऊस येण्यापूर्वी ठरवून कागदावर घ्यावे लागते.

आणि कोणते दिवस मोजायचे, हाही प्रश्न आहेच. कारखान्यात नगावर मजुरी घेणाऱ्याच्या ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्याने शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरली होती, ओव्हरटाइम वगळून. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आली. म्हणजे तीस वर्षे भरपूर नग काढणाऱ्या माणसाचे अखेरचे तीन महिने मंदीत किंवा आजारपणात गेले, तर त्याच्या तीसही वर्षांना त्याच तीन महिन्यांचा दर लागतो.