गंधाच्या दाराला कडी लावणारा रेणू

व्हीयू ०१८३२५४. विद्यापीठाची आद्याक्षरं आणि एक क्रमांक, एवढंच नाव या रेणूच्या वाट्याला आलं. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लॉरेन्स झ्वीबेल यांच्या प्रयोगशाळेत तो पुढे आला. त्याचं काम कीटकाच्या गंधग्राहींना गप्प करण्याचं.

डासाच्या शृंगिकांवर बारीक केस असतात आणि त्या केसांत चेतापेशी. त्या पेशींच्या आवरणात बसलेली गंधग्राही प्रथिनं जोडीनं काम करतात. जोडीतलं एक प्रथिन ठरावीक वास ओळखतं. हे वासागणिक बदलतं. दुसरं मात्र सगळ्या जोड्यांत तेच. त्याचं नाव ऑर्को. वासाचा रेणू येऊन चिकटला की दोघांच्या मधली वाट उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि मेंदूकडे निरोप जातो.

झ्वीबेल यांच्या गटानं आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या डासाची अशी एक जोडी मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत बसवली. वाट उघडली की पेशी उजळावी, अशी सोय केली. मग एक लाखाहून अधिक संयुगं त्यांवर तपासली. २०११ साली व्हीयूएए-१ हाती लागलं. कुठलाही वास नसताना ते ऑर्कोला उघडतं. २०१२ साली त्याच्या उलट वागणाऱ्या या रेणूचा अहवाल आला. वासाच्या जागेसाठी तो वासाशी भांडत नाही. त्याची पकड ऑर्कोवर असते. म्हणून जोडीदार कोणताही असो, कडी बसते.

याचं मोल कळतं ते जनुक काढून टाकण्याच्या प्रयोगांशेजारी ठेवल्यावर. भारतात सापडणाऱ्या हार्पेग्नॅथोस या उड्या मारणाऱ्या मुंगीतून २०१७ साली ऑर्कोचं जनुक काढलं, तर तिच्या मेंदूतलं गंधकेंद्रच खुरटलं. मग तिचं वागणं बिघडलं ते वास नसल्यानं, की मेंदू अपुरा वाढल्यानं? रसायनाला हा पेच पडत नाही. पूर्ण वाढलेली तीच पेशी आधी पाहायची, कडी लावायची आणि पुन्हा पाहायची.

अशाच तपासातून एक नवल उघड झालं. २०१४ साली दिसलं की डासाच्या शुक्रपेशींतही ऑर्को असतं. उघडणारं रसायन दिलं की त्यांची शेपटी वळवळू लागते आणि अडवणारं दिलं की ती थंडावते. नाकाचं म्हणून ओळखलेलं प्रथिन प्रजननातही राबत होतं.

एवढ्यावरून डास हटवण्याची फवारणी हाती आली असं मानू नये. कार्बन डायऑक्साइड आणि घामातली काही आम्लं डास वेगळ्याच ग्राहींनी हेरतो. ऑर्को नसलेल्या एडिस डासांनाही उच्छ्वासाच्या साथीनं माणूस सापडतो, हे २०१३ साली दिसलं. शिवाय ऑर्को मधमाशीतही आहे. शेतात मोकळी सोडलेली कडी फुलाकडे निघालेल्या माशीचंही दार बंद करील. म्हणून या रेणूची खरी जागा प्रयोगशाळेतच आहे. डासाला माणसाकडे आणणाऱ्या अनेक वाटांपैकी ऑर्कोची वाट कोणती, हे तिथे तो एकेक दार लावून दाखवतो. रोगवाहक डासाला अडवायचं आणि मधमाशीला वाचवायचं, तर हे आधी कळायलाच हवं.