ट्रॉलीचा रंग : चकाकीसाठी नव्हे, पत्रा टिकविण्यासाठी



गळीत हंगाम संपला की ऊस वाहून दमलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या गोठ्याशेजारी विसावतात. मोळ्या घासून फाळक्यांचा रंग गेलेला असतो, सांध्यांत चिखल नि उसाचा रस बसलेला असतो. मृगाचा पाऊस पडला की तिथेच गंज धरतो. "चालतंय की, पुढच्या साली बघू," असे म्हणून आपण सोडून देतो, आणि पुढच्या साली रंगाऐवजी पत्राच बदलण्याची पाळी येते.

ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे, त्यांना हे काम घरी करता येते. मात्र रंग सारखा बसला पाहिजे. जिथे थर पातळ राहतो तिथून गंज आत शिरतो. जिथे जाड होतो तिथे ओघळ येतात नि पुढे पोपडे सुटतात.

गनचे मूळ

अमेरिकेतील टोलेडो येथील डॉ. ॲलन डीव्हिलबिस हे घशाचे डॉक्टर. रोग्याच्या घशात औषध उडविण्यासाठी त्यांनी रबरी फुग्याचा फवारा तयार केला. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी त्याच तत्त्वावर १९०७ साली रंगाची गन बनविली. आपल्या पाठीवरच्या पंपात औषधालाच दाब मिळतो. या गनमध्ये हवेचा झोत रंगाचे बारीक कण करतो. म्हणून हवा आणि रंग यांचा मेळ बसणे महत्त्वाचे.

आधी पत्रा, मग रंग

ट्रॉली धुऊन कडकडीत वाळवावी. गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने उजळ पत्रा दिसेपर्यंत काढावा. शेवटचा पुसा थिनरच्या स्वच्छ फडक्याने द्यावा. डिझेलने पुसल्यास तेलकट थर राहतो आणि रंग त्यावर धरत नाही, बारीक खळगे पडतात. उघड्या पत्र्यावर प्रथम प्रायमर द्यावा व तो वाळल्यावरच रंगाला हात घालावा.

पाऊस-दमटपणात हे काम करू नये. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे, नाही तर ते हवेबरोबर पत्र्यावर येते. थिनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घालावे. अंदाजपंचे काम येथे महागात पडते. रंग गाळूनच गनमध्ये भरावा.

हात कसा चालवावा

प्रथम जुन्या पुठ्ठ्यावर फवारून पाहावे. पट्टा मधेच दाट पडला तर दाब कमी आहे किंवा रंग घट्ट आहे. दोन्ही टोकांना दाट नि मधे विरळ पडला तर दाब जास्त आहे किंवा रंग फार पातळ आहे. पट्टा चंद्रकोरीसारखा एका बाजूला वळला तर टोपीचे एखादे भोक तुंबले आहे. ते थिनरने धुवावे, तारेने कोरू नये.

साध्या गनचे तोंड पत्र्यापासून ६ ते ८ इंच व सरळ समोर असावे. मनगट फिरवून झाडू मारल्यासारखे फवारल्यास मधे दाट आणि कडेला विरळ बसते. त्यासाठी सगळा हात पत्र्याच्या रेषेत सरकवावा. फाळक्याची कड येण्याआधी घोडा दाबावा, कड ओलांडल्यावर सोडावा. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्या भागावरून न्यावा. पेरताना पाभर जशी एका चालीने चालते, तशी हाताची चाल ठेवावी.

गन फार जवळ धरली किंवा हात रेंगाळला की ओघळ येतात. फार लांब धरली की कण वाटेतच वाळून भुकटीसारखे बसतात. रंग घट्ट असला की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे.

जुन्या पद्धतीच्या गनमधून निम्म्याहून अधिक रंग हवेत उडून वाया जातो. एचव्हीएलपी प्रकारच्या गनमध्ये तोंडाशी हवेचा दाब १० पौंडांच्या आतच असतो, त्यामुळे रंग पुष्कळ वाचतो. मात्र तिला हवा अधिक लागते. आपला कॉम्प्रेसर तेवढी हवा पुरवील काय, हे आधी विचारून मगच ती घ्यावी.

जिवापेक्षा रंग मोठा नाही

हार्डनर मिसळून वापरायच्या पीयू रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. ते छातीत गेल्यास दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही त्रास होतो. तोंडाला उपरणे गुंडाळून किंवा धुळीचा साधा मास्क लावून हे द्रव्य अडत नाही. असे रंग बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा असलेल्या कारागिराकडूनच मारून घ्यावेत. घरी साध्या इनॅमल रंगावर भागवावे. तोही उघड्या जागी, वाफ अडविणारा काडतुशीचा मुखवटा लावून फवारावा. लेकरांना जवळ फिरकू देऊ नये. थिनरची वाफ पेटती असते : बिडी, चूल आणि वैरणीची गंजी दूर हवी. कॉम्प्रेसरची मोटारही लांब ठेवावी.

शेवटची गोष्ट विसरू नये. ट्रॉलीच्या मागचे व बाजूचे रिफ्लेक्टर आणि दिवे रंगवण्यापूर्वी कागद चिकटवून झाकावेत. त्यांवर रंग बसला तर रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला उसाची ट्रॉली दिसत नाही, आणि रस्त्यावर कुणाचा तरी घास जातो. काम झाले की कागद काढावा, रिफ्लेक्टर पुसावेत, फुटलेले बदलावेत. ट्रॉलीला नवा रंग चढला. ती अंधारात दिसलीही पाहिजे.