अख्खं पातं, एकच स्फटिक
पुण्यात लोहगाववरून सुखोई लढाऊ विमान गेलं की लोक आभाळाकडे बघतात. माझं डोकं इंजिनातल्या पात्यांकडे धावतं. आधुनिक जेट इंजिनांत टर्बाइनची सर्वांत तापणारी पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात, आणि अख्खं पातं म्हणजे एकच स्फटिक! साध्या धातूत असतात तशा कणांच्या सीमाच नाहीत, मग तिथून तडा जाणार कुठून?

खरी करामत ओतकामात. निर्वात भट्टीतून साचा हळूहळू खाली उतरवतात, मिनिटाला जेमतेम ३ मिलिमीटरच्या आसपास. तळाच्या पिळदार वाटेतून एकच स्फटिक वर पोचतो. वितळलेल्या आणि गोठलेल्या धातूमधला तापमानाचा उतार जितका तीव्र, तितक्या वाढत्या स्फटिकाला फुटणाऱ्या फांद्या बारीक आणि दाट. गोठताना टंगस्टन, ऱ्हेनियम फांद्यांच्या गाभ्यात जातात, अ‍ॅल्युमिनियम, टँटलम फांद्यांमधल्या फटींत उरतात. उतार सौम्य असला की फटींतला हलका द्रव वर उसळतो आणि बारीक कणांची साखळी मागे राहते. तिला फ्रेकल म्हणतात. पातं थेट बाद! साचा घाईने उतरवला तर रुंद कडांवर भलताच स्फटिक उगवतो, तेही बादच.

हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने ही विद्या साधली आणि २०२१ साली हेलिकॉप्टर इंजिनासाठी ६० पाती विमानं बनवणाऱ्या एचएएलला दिली. मोजक्याच देशांना जमलेलं काम हे. त्यामानाने गाजावाजा फारच कमी झाला, असं आपलं माझं मत.